रिकामी चौकट: एका चित्रात देश कसा मावतो?

१९६६ च्या सप्टेंबरात पोलंडच्या पोलिसांनी एका चित्राला अटक केली. पोलिश लोक आजही हाच शब्द वापरतात, 'अटक'. मेरीमातेच्या एका फार जुन्या चित्राची ही प्रतिकृती १९५७ पासून देशभर फिरत होती. आज या गावच्या चर्चमध्ये मुक्काम, उद्या पुढच्या. गावंच्या गावं तिच्या स्वागताला लोटायची. कम्युनिस्ट सरकारला हे खुपत होतं. अखेर कातोवित्सेच्या वाटेवर गाडी अडवली गेली, चित्र मूळ मठात परत नेलं गेलं आणि ते पुन्हा बाहेर पडू नये म्हणून मठाच्या फाटकावर पहारा बसला.

पुढच्या गावांची तयारी झालेली होती. मग धर्मगुरूंनी नुसती चौकटच पाठवली. चित्राच्या जागी काहीही नाही, सोबत एक मेणबत्ती. लोक पूर्वीसारखेच जमले, पूर्वीसारखीच गाणी म्हटली आणि त्या रिकाम्या चौकटीपुढे गुडघे टेकून बसले. ही चौकट सहा वर्षं देशभर फिरली. १९७२ च्या जूनमध्ये दोन धर्मगुरूंनी चित्र गुपचूप मठाबाहेर काढलं, तेव्हा कुठे ते पुन्हा चौकटीत बसलं.

मला ही हकिकत पहिल्यांदा कळली तेव्हा एकच प्रश्न मनात राहिला. चौकटीत काहीच नव्हतं, तर ही माणसं नमस्कार कशाला करत होती? 'राष्ट्रीय अस्मिता' हा जड शब्द आपण रोज वाचतो. त्याचा अर्थ समजून घ्यायला या प्रश्नाहून चांगली वाट मला सापडलेली नाही.

चित्राचं घर दक्षिण पोलंडमध्ये आहे. वार्ता नदीकाठी चेंस्तोहोवा नावाचं शहर आहे आणि शहराच्या कडेला एक बुटकी टेकडी. तिचं नाव यास्ना गुरा, म्हणजे उजळ टेकडी. १३८२ मध्ये ओपोलेच्या सरदाराने हंगेरीतून पॉलाइन पंथाचे साधू आणून इथे वसवले आणि दोन वर्षांनी हे चित्र त्यांच्या हवाली केलं. चित्र आलं पूर्वेकडून, बेल्झ नावाच्या गावातून, असं परंपरा सांगते. हे बेल्झ आज युक्रेनमध्ये आहे. नाव लक्षात ठेवा, शेवटी लागेल. श्रद्धाळूंच्या मते संत लूकने येशूच्या घरातल्या जेवणाच्या मेजाच्या फळीवर ते रंगवलं. कलेचे अभ्यासक त्याला बायझंटाइन परंपरेतलं मानतात, म्हणजे पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती जगातल्या चित्रांच्या कुळातलं. या प्रकारच्या चित्रात आई एका हाताने मुलाकडे बोट दाखवते, म्हणून त्याला 'वाट दाखवणारी' असं नाव आहे.

चेहरा सावळा, काळपट. म्हणूनच जगभर तिला काळी मॅडोना म्हणतात. शतकानुशतकांच्या मेणबत्त्यांचा धूर आणि जुने रंग काळवंडणं ही त्याची कारणं सांगतात. पण चित्राची खरी ओळख रंगात नाही, जखमेत आहे. उजव्या गालावर दोन लांब वार आहेत. १४३० मध्ये मठावर दरोडा पडला, लुटारूंनी चित्रावरचे दागिने ओरबाडले आणि चित्रावर शस्त्र चालवलं. राजा याग्येवोने ते क्राकूवला नेऊन दुरुस्त करवून घेतलं. जुन्या रंगांवर नवे रंग धरेनात, तेव्हा फळी बहुतांशी पुन्हा रंगवावी लागली, असं सांगतात. म्हणजे चित्र जवळजवळ नवं केलं, आणि तरी गालावरचे वार मात्र मुद्दाम तसेच ठेवले. माझ्या मते या साऱ्या कथेतला हा सर्वांत अर्थपूर्ण निर्णय. पुढे ज्या देशाचे लचके तुटणार होते, त्या देशाला आपल्यासारखीच घाव सोसलेली आई मिळाली.

आपल्याकडच्या वाचकाला इथलं बरंच ओळखीचं वाटेल. चित्रावर चांदीचा पडदा असतो. तो सकाळी तुतारी आणि नगाऱ्याच्या गजरात वर जातो. चित्राला पोशाख चढवतात, रत्नांचे, अंबर नावाच्या सोनेरी अश्मीभूत डिंकाचे. देवीची अलंकार पूजा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चॅपेलच्या, म्हणजे चित्र असलेल्या छोट्या प्रार्थनागृहाच्या, भिंती नवसांनी झाकल्या आहेत: चांदीची छोटी हृदयं, माळा, बरे झालेल्यांनी टाकून दिलेल्या कुबड्या. अशी जागृत स्थानं युरोपात शेकड्यांनी आहेत. मग याच स्थानाचं राष्ट्र का झालं?

त्यासाठी १६५५ कडे जावं लागतं. त्या वर्षी स्वीडनच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या. वॉर्सा पडलं, क्राकूव पडलं, राजा यान काझिमिएझ देश सोडून निघून गेला, बडे सरदार स्वीडनच्या राजाला जाऊन मिळाले. पोलिश इतिहासात या काळाला 'पोतोप' म्हणतात, म्हणजे प्रलय. नोव्हेंबरात जनरल म्युलरच्या फौजेने यास्ना गुराला वेढा घातला. तोवर मठाला तटबंदी झालेली होती. आत दीड-दोनशे शिपाई, सत्तरेक साधू, काही सरदार आणि त्यांची कुटुंबं. बाहेर दोन-तीन हजारांची फौज. मठाधिपती अउगुस्तिन कोर्देत्स्की यांनी फाटक उघडलं नाही. नाताळ उलटताच स्वीडिश फौज वेढा उठवून निघून गेली.

इतिहासकार इथे आपल्याला थोडं थांबवतात. युद्धाच्या हिशेबात हा वेढा लहान होता. स्वीडिश लोकांकडे सुरुवातीला तट फोडणाऱ्या जड तोफा नव्हत्या. कोर्देत्स्कींनी वेळ काढण्यासाठी स्वीडनच्या राजाला नमतं घेणारी पत्रंही लिहिली होती. आणि ज्या चित्रासाठी हे सारं, ते मूळ चित्र वेढ्याआधीच सुरक्षित जागी हलवलेलं होतं! तटाआड जे चित्र होतं, ती प्रतिकृती होती. म्हणजे रिकाम्या चौकटीची गोष्ट १९६६ मध्ये सुरू झालेली नाही. तीनशे वर्षांपूर्वीही माणसं लढली ती लाकडाच्या फळीसाठी नव्हेच. काय टिकलं याहून, सगळं पडत असताना काहीतरी टिकलं, ही बातमी मोठी होती. ती देशभर पोचली, लोक उठले, राजा परतला. १ एप्रिल १६५६ ला ल्वूवच्या कॅथेड्रलमध्ये त्याने शपथ घेतली आणि मेरीला पोलंडची राणी म्हणून जाहीर केलं.

त्याच शपथेत राजाने आणखी एक वचन दिलं होतं. कुळवाडी शेतकऱ्यांवरचा जुलूम दूर करीन, असं. ते पाळलं गेलं नाही. रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये शेतकऱ्याची वेठबिगारी संपायला १८६४ उजाडावं लागलं, आणि तेही झारच्या हुकमाने. राणीचा मुकुट राहिला, शेतकऱ्याचं वचन विसरलं गेलं. राष्ट्र जेव्हा स्वतःची गोष्ट सांगतं तेव्हा काय ठेवतं आणि काय गाळतं, हे इथे स्वच्छ दिसतं.

आता मुख्य मुद्दा. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया (तेव्हाचं बलाढ्य जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड खाऊन टाकला. पुढची १२३ वर्षं, १९१८ पर्यंत, युरोपच्या नकाशावर पोलंड नावाचा स्वतंत्र देश नव्हता. राजा नाही, स्वतःचं सैन्य नाही, राजधानी परक्याच्या ताब्यात. शाळेत रशियन किंवा जर्मन लादलेली. अशा वेळी 'आपण एक आहोत' हे माणसाला कळणार कुठे? देशाची जी कामं एरवी राजधानी करते, म्हणजे सगळ्यांना एकत्र आणणं, आठवण जपणं, समारंभ करणं, ती कामं या टेकडीकडे आली. तीन साम्राज्यांत विखुरलेली माणसं सीमा ओलांडून इथे यायची आणि एकमेकांना भेटायची. लुब्लिनचा शेतकरी आणि पोझ्नानचा कारागीर एरवी एकमेकांच्या दृष्टीला पडते ना. १८१३ मध्ये रशियाच्या झारने मठाचा तट पाडून टाकला. दगड गेले, वर्दळ थांबली नाही.

यात धर्माची भर पडली. रशिया ऑर्थोडॉक्स, प्रशिया प्रॉटेस्टंट, मधला पोलिश माणूस कॅथलिक. मग 'पोलिश म्हणजे कॅथलिक' हे समीकरण हळूहळू घट्ट होत गेलं. अर्थात ऑस्ट्रियाही कॅथलिकच होता, त्यामुळे केवळ धर्माने सगळं उलगडत नाही. १६५५ च्या वेढ्याची गोष्टही याच काळात नव्याने घराघरांत पोचली. हेन्रिक शेन्क्येविच यांनी १८८६ मध्ये हीच पार्श्वभूमी घेऊन 'पोतोप' याच नावाची कादंबरी लिहिली आणि देश नसलेल्या लोकांनी ती आपल्या देशाचा इतिहास म्हणून वाचली. आज सामान्य पोलिश माणसाच्या मनात वेढ्याचं जे चित्र आहे ते बरंचसं तिथून आलेलं आहे.

गोष्ट मनात राहते ती पायांमुळे. १७११ मध्ये वॉर्सात प्लेगची साथ होती. शहर वाचावं म्हणून एका धार्मिक मंडळाचे लोक नवस बोलून चालत यास्ना गुराला गेले. तेव्हापासून ही पदयात्रा चालू आहे. ६ ऑगस्टला वॉर्सातून निघायचं, नऊ दिवस चालायचं, १४ ला पोचायचं. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण. गटागटाने चालणं, गाणी, ठरलेले मुक्काम, वाटेवरच्या गावांनी पाणी आणि जेवण घेऊन उभं राहणं. शहराच्या मधून टेकडीकडे जाणारा एक लांब सरळ रस्ता आहे. तो लागला आणि टोकाला १०६ मीटरचा मनोरा दिसला की थकलेली माणसं रडतात. कळस दिसल्यावर वारकऱ्याच्या डोळ्यांत येतं ते पाणी आपण पाहिलेलं आहे. आता वॉर्साच नव्हे, देशाच्या कानाकोपऱ्यातून असे जथे निघतात. पोलंडचे तीन वाटे झाले त्या काळात, जर्मनांच्या ताब्यात, कम्युनिस्ट राजवटीत माणसं चालत राहिली. नकाशा दुसऱ्याच्या हातात असला तरी आपला देश इथून तिथवर आहे, हे चालणाऱ्याच्या तळपायांना ठाऊक असतं.

मी कोल्हापूरकडचा, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. देश हरवलेल्या पोलिश माणसांनी देश कसा जपला, हे आमच्या उंबऱ्यावर घडलेलं आहे. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानात धाडलं. १९४१ मध्ये करार होऊन त्यांची सुटका झाली. त्यातले काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना आसरा दिला हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण मोठी छावणी होती कोल्हापूरजवळ वळिवड्याला. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. पंचगंगेच्या खोऱ्यात एक छोटं पोलंड उभं राहिलं. पोलिश शाळा, चर्च, बालवीरांची पथकं, नाटकं, सणवार.

त्यांची अडचण निर्वासितांच्या नेहमीच्या अडचणीपेक्षा खोल होती. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत संघात गेलेली होती. पोलंड नकाशावर परत आला, पण त्यांचं अंगण त्यात नव्हतं. मग ती कुठली माणसं? ज्या धड्यांनी, प्रार्थनांनी आणि गाण्यांनी त्यांनी स्वतःला वळिवड्यात पोलिश ठेवलं, त्यांच्याच बळावर ती पुढे इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला आणि काही पोलंडला गेली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. देश खिशात घालून नेता येतो, हे आमच्या आजीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं.

युद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली. देश नकाशावर होता, पण कळ मॉस्कोत होती. १९५३ मध्ये सरकारने चर्चचे प्रमुख कार्डिनल स्तेफान विशिन्स्की यांना उचलून स्थानबद्ध केलं. त्याच वर्षी ८ डिसेंबरला यास्ना गुराच्या साधूंनी रात्री नऊ वाजता चित्रापुढे उभं राहून त्यांच्यासाठी प्रार्थना सुरू केली. शब्द मोजके: हे मारिया, पोलंडच्या राणी, मी तुझ्यापाशी आहे, मला आठवण आहे, मी जागा आहे. त्या रात्रीपासून आजवर रोज रात्री नऊला ही हजेरी चालू आहे. मला तिच्यात प्रार्थनेइतकीच पहाऱ्यावरच्या शिपायाची हाळी ऐकू येते.

कैदेतच विशिन्स्कींनी राष्ट्राची नवी शपथ लिहिली, राजाच्या शपथेला तीनशे वर्षं होत होती म्हणून. २६ ऑगस्ट १९५६ ला टेकडीखालच्या मैदानात दहा लाखांच्या आसपास माणसं जमली आणि ती शपथ मोठ्याने म्हटली गेली. कार्डिनल स्थानबद्धच होते. त्यांची खुर्ची मांडलेली होती, तिच्यावर फुलं ठेवलेली होती. पुन्हा रिकामी जागा, पुन्हा तीच भरलेली. दहा वर्षांनी पोलंडच्या ख्रिस्तीकरणाला हजार वर्षं झाली. पोपना यायचं होतं, सरकारने येऊ दिलं नाही. चित्राची 'अटक' झाली ती याच वर्षी.

इथे सरकारची चूक काय झाली, ते साधं आहे. त्यांनी वस्तू अडवली. पण खूण वस्तूत नसते. खूण म्हणजे वस्तूभोवती पिढ्यान्‌पिढ्या साठलेला वावर: आजोबांनी चालून दाखवलेली वाट, पाठ झालेली गाणी, रात्री नऊची हजेरी. चित्र काढून घेतलं तेव्हा हा वावर उघडा पडला, जास्तच दिसू लागला. रिकाम्या चौकटीपुढचा माणूस नमस्कार करत होता तो आपल्या आजूबाजूला बसलेल्या माणसांनाही.

१९७८ मध्ये क्राकूवचे कार्डिनल कारोल वोयतिवा पोप झाले, दुसरे जॉन पॉल. आता त्यांना अडवणं सरकारला जमलं नाही. जून १९७९ मध्ये ते यास्ना गुराला आले आणि म्हणाले की राष्ट्राचं हृदय कसं धडधडतंय ते ऐकायचं तर या जागेला कान लावावा लागतो. पुढच्याच वर्षी ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला, 'सॉलिडॅरिटी' संघटना जन्मली. गोदीच्या फाटकावर पोपचं आणि काळ्या मॅडोनाचं चित्र लावलेलं होतं. संपाचे नेते लेक वालेसा गोदीतले वीजतंत्री. त्यांच्या कोटावर त्याच मॅडोनाचा बिल्ला असायचा. १९८३ मध्ये त्यांना मिळालेलं शांततेचं नोबेल पदक त्यांनी यास्ना गुराला वाहिलं. नवस फेडावा तसं. ४ जून १९८९ ला अंशतः खुल्या निवडणुका झाल्या आणि कम्युनिस्ट सत्ता कोसळली.

इथवरची गोष्ट अभिमानाची आहे आणि मी ती मनापासून सांगितली. पण दुसरी बाजू न सांगणं अप्रामाणिक ठरेल. दोन महायुद्धांच्या मधल्या पोलंडमध्ये जवळपास एक तृतीयांश लोक पोलिश कॅथलिक नव्हते. ज्यू होते, युक्रेनियन होते, बेलारूसी होते, जर्मन होते. 'पोलिश म्हणजे कॅथलिक' या वाक्यात त्यांना जागा कुठे? टेकडीच्या पायथ्याशी, चेंस्तोहोवा शहरातच, हजारो ज्यू राहत होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. १९४२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात जर्मनांनी त्यांतल्या बहुतेकांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं. त्या सरळ रस्त्याने वर जाणाऱ्या यात्रेकरूला त्यांची आठवण करून देणारं फारसं काही नाही. आजचा पोलंड जवळजवळ एकजिनसी कॅथलिक दिसतो तो पहिल्यापासून तसा होता म्हणून नव्हे. नरसंहार, सरकलेल्या सीमा आणि हुसकावलेली माणसं यांनी तो तसा झाला. खूण जितकी प्रभावी, तितकं तिच्या कुंपणाबाहेर कोण राहिलं हे विचारणं गरजेचं.

आणि परका राज्यकर्ता गेल्यावर ही खूण कुणाची, यावर घरातच भांडण सुरू होतं. आज यास्ना गुराला कामगारांची यात्रा येते, शिक्षकांची येते, फुटबॉल संघांच्या कट्टर समर्थकांचीही येते आणि त्यात उग्र राष्ट्रवादी घोषणा ऐकू येतात. २०१९ मध्ये काही कार्यकर्त्या स्त्रियांनी मॅडोनाच्या डोक्यामागचं तेजोवलय इंद्रधनुषी रंगांत दाखवणारी भित्तिपत्रकं लावली. समलैंगिकांनाही आईच्या पदराखाली जागा आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याचा खटला झाला. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. दोन्ही बाजू एकाच आईची लेकरं म्हणवून घेत होत्या. देशात रविवारी चर्चला जाणाऱ्यांचं प्रमाण आता तीस टक्क्यांच्या आसपास उतरलं आहे. १९८० च्या दशकात ते पन्नासच्या घरात होतं. तरीही टेकडीवर वर्षाला लाखो माणसं येतात. त्यांतले काही देवासाठी, काही देशासाठी, काही आजीबरोबर लहानपणी आले होते म्हणून.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि लाखो युक्रेनियन, बहुतेक बायका आणि मुलं, सीमा ओलांडून पोलंडमध्ये आली. यास्ना गुराच्या यात्रेकरूंच्या निवासातही त्यांच्यासाठी खाटा टाकल्या गेल्या. वर चॅपेलमध्ये रोजच्यासारखे रात्रीचे नऊ वाजत होते आणि 'पोलंडच्या राणी'ला हाक दिली जात होती. ज्या चित्राला ही हाक जात होती ते १३८४ मध्ये बेल्झहून, खाली झोपलेल्या मुलांच्या देशातूनच आलेलं आहे.